अणुशक्तीवर चालणारे आइसब्रेकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्रुवीय समुद्रांचा विषय निघाला की बोलणं हटकून याच जहाजांपाशी येऊन थांबतं. शाळकरी मुलं विचारतात, बंदरात आणि रेल्वेत उभी हयात घालवलेले वाचक विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अणुशक्तीवरचा आइसब्रेकर म्हणजे अण्वस्त्रं असलेलं जहाज का?

नाही. इथली अणुशक्ती जहाज चालवण्यापुरतीच. गोठलेल्या समुद्रातून मालवाहू जहाजांना वाट करून देणारी ही नागरी जहाजं आहेत. आज ती फक्त रशियाकडे आहेत आणि २००८ पासून त्यांचा कारभार 'रोसातोमफ्लोत' ही सरकारी कंपनी पाहते. त्यांचा तळ म्युरमन्स्कला आहे. हे बंदर ६९ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे आहे, तरी हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह तिथवर पोहोचतो. बर्फ फोडणारी जहाजं बर्फ नसलेल्या बंदरात नांगरलेली असतात, याचं अनेकांना नवल वाटतं.

२. याला मराठीत काय म्हणायचं? हिमभंजक?

लिहितात तसं. मला 'बर्फफोड्या' जास्त पटतो. हिम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आभाळातून पडणारा भुसभुशीत थर येतो. इथे गोठलेल्या समुद्राची दगडासारखी लादी फोडायची असते. पण बोलताना सगळे आइसब्रेकरच म्हणतात, म्हणून या पानावर तोच शब्द वापरला आहे.

३. दोन-तीन मीटर जाडीचा बर्फ हे जहाज कापतं तरी कसं?

कापत नाही, वजनानं मोडतं. साध्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी चिरण्यासाठी धारदार असते. आइसब्रेकरची नाळ खाली तिरपी होत गेलेली, पळीच्या पाठीसारखी गोलसर असते. मागचे पंखे जोर लावतात तसं जहाज पुढच्या अंगानं बर्फावर चढतं आणि हजारो टनांच्या भारानं लादी खाली वाकून तुटते. तुटलेले तुकडे कडेला किंवा उरलेल्या बर्फाखाली सरकतात आणि मागे पाण्याची वाट उघडी राहते.

हे सगळं सपाट बर्फाचं झालं. वारा आणि प्रवाह बर्फाचे थर एकमेकांवर रेटतात तेव्हा उभे बांध तयार होतात. तिथे जहाज थांबतं, आपणच केलेल्या वाटेनं मागे जातं आणि वेग घेऊन पुन्हा धडकतं. एकाच बांधावर असं अनेकदा करावं लागतं. मागे येताना सुकाणू बर्फात सापडून मोडू नये म्हणून त्याच्या मागे पोलादाचा एक भक्कम दात बसवलेला असतो.

नवा बर्फ आणि जुना बर्फ यांतही फरक आहे. एकाच हिवाळ्यात तयार झालेल्या बर्फात खारं पाणी अडकलेलं असतं, तो त्यामानानं मऊ. दोन-तीन उन्हाळे टिकलेल्या बर्फातलं मीठ झिरपून गेलेलं असतं. तो जवळपास गोड्या पाण्याचा आणि फार कठीण असतो. अनुभवी कप्तान रंगावरूनच ओळखतात: जुना बर्फ निळसर दिसतो.

४. पण त्यासाठी अणुभट्टीच कशाला? मोठं डिझेल इंजिन पुरणार नाही का?

मला या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो, कारण बहुतेकांचा समज असतो की अणुशक्ती जोरासाठी घेतली आहे. जोर तर तेलावरही मिळतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं 'पोलर स्टार' हे १९७६ पासूनचं जहाज तेलावर चालतं आणि अंटार्क्टिकाचा दणकट बर्फ फोडतं.

खरी अडचण आहे ती टाकीची. जाड बर्फात काम करणारा मोठा डिझेल आइसब्रेकर दिवसाला शंभर टनांच्या आसपास तेल खाऊ शकतो. टाकीत हजारो टन तेल भरलं तरी काही आठवड्यांत त्याला बंदराकडे वळावं लागतं, आणि सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर तेल भरायची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेल संपत आलं म्हणून आइसब्रेकर परतला तर मागचा ताफा जिथल्या तिथे गोठतो. दुसरी गोष्ट अशी की, टाक्या रिकाम्या होतात तसं जहाज हलकं होतं. ज्याचं हत्यारच वजन आहे त्याला हे परवडत नाही.

अणुभट्टीत एकदा इंधन भरलं की ते काही वर्षं चालतं. मग मुक्काम किती लांबवायचा हे अन्नसाठा आणि माणसांची सहनशक्ती ठरवते. जुन्या 'आर्क्टिका' या अणु-आइसब्रेकरनं (प्रश्न ९) १९९९-२००० मध्ये बंदराला न लागता सलग वर्षभर समुद्रात काम केलं होतं.

५. जहाजावरची अणुभट्टी आणि तारापूरची अणुभट्टी सारखीच का?

जात वेगळी. तारापूरच्या १९६९ मधल्या पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनकडे जाते. आइसब्रेकरवरच्या भट्टीत पाणी प्रचंड दाबाखाली असतं, त्यामुळे तापूनही उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या, स्वतंत्र पाण्याला देतं आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. तत्त्वानं ही कुडनकुलमच्या भट्ट्यांची छोटी बहीण म्हणता येईल.

टर्बाइनपासून वीज आणि विजेपासून पंख्यांच्या मोटरी, असा पुढचा प्रवास. मधे वीज का? पंखा बर्फाच्या तुकड्यावर आपटून क्षणभर अडतो तेव्हा तो हिसका थेट टर्बाइनला बसला तर दाते तुटतील. इलेक्ट्रिक मोटर असा हिसका सोसते, शिवाय क्षणात उलटी फिरवता येते.

नव्या पिढीच्या जहाजांवर 'रितम-२००' नावाच्या दोन भट्ट्या असतात, प्रत्येकी १७५ मेगावॉट उष्णतेच्या. पंख्यांपर्यंत पोहोचतात ६० मेगावॉट. रेल्वेतल्या वाचकांसाठी सांगायचं तर आपली लांब पल्ल्याची गाडी ओढणारी डब्ल्यूएपी-७ इंजिनं बारा-तेरा एकत्र जोडली तर जेवढा जोर होईल, तेवढा हा आहे.

६. जगातला पहिला अणुशक्तीवरचा आइसब्रेकर कोणता?

'लेनिन'. लेनिनग्राडच्या ॲडमिरल्टी गोदीत बांधलेलं हे जहाज ५ डिसेंबर १९५७ रोजी पाण्यात उतरलं आणि डिसेंबर १९५९ मध्ये सेवेत दाखल झालं. पाणबुड्या वगळल्या तर अणुशक्तीवर चालणारं हे जगातलं पहिलंच जहाज. लांबी १३४ मीटर, ताकद ४४,००० अश्वशक्ती, तीन भट्ट्या. जहाजाचा आराखडा वसिली नेगानोव यांचा, भट्टीचं काम इगोर अफ्रिकांतोव यांच्या कार्यालयाचं आणि शास्त्रीय मार्गदर्शन अनातोली अलेक्सांद्रोव यांचं.

काळ शीतयुद्धाचा होता. १९५९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन रशियाला आले तेव्हा त्यांना हे बांधकाम दाखवलं गेलं. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर त्यांच्यासोबत होते. त्या दोघांनी हे जहाज फिरून पाहिलं, हे चित्र मला आजही विलक्षण वाटतं.

'लेनिन'नं तीस वर्षं काम केलं, साडेसहा लाखांहून अधिक सागरी मैल कापले आणि १९८९ मध्ये निवृत्ती घेतली. त्याचा दीर्घकाळचा कप्तान बोरिस सोकोलोव.

७. 'लेनिन'वर अणुअपघात झाला होता असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि पहिल्या जहाजाचं कौतुक करताना हे गाळू नये असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी १९६५ मध्ये इंधनबदलासाठी भट्ट्या बंद होत्या. इंधन काढण्याआधीच दोन क्रमांकाच्या भट्टीतलं पाणी सोडून दिलं गेलं. भट्टी बंद असली तरी तिच्यातलं इंधन स्वतःहून तापत राहतं, त्याला सतत थंड ठेवावंच लागतं. ते न झाल्यानं इंधनाच्या कांड्या वितळल्या, वाकल्या आणि बऱ्याच जागच्या जागी अडकून बसल्या. १९६७ मध्ये शीतक पाण्याची गळती झाली. ती शोधताना आणि दुरुस्त करताना यंत्रणेचं आणखी नुकसान झालं.

अखेर तीन भट्ट्यांचा अख्खा कप्पाच जहाजापासून कापून काढला आणि नोवाया झेम्ल्या बेटाजवळच्या त्सिवोल्की उपसागरात बुडवला. अडकलेल्या इंधनाचा काही भागही खास वेष्टनात बंद करून तिथेच टाकला. तो आजही तळाशी आहे. उरलेलं खराब झालेलं इंधन 'लेप्से' नावाच्या सेवाजहाजावर ठेवलं गेलं. ते जहाज म्युरमन्स्क शहराच्या उशाशी कित्येक वर्षं उभं होतं. २०१२ मध्ये ते मोडणीसाठी दुसऱ्या गोदीत नेलं. म्हणजे १९६५ मधल्या चुकीची आवराआवर पन्नास वर्षांनंतरही चालूच होती.

'लेनिन'मध्ये नव्या प्रकारच्या दोन भट्ट्या बसवल्या आणि १९७० मध्ये तो कामावर परतला. पुढे त्याच प्रकारच्या भट्ट्या 'आर्क्टिका' वर्गासाठी वापरल्या गेल्या.

८. उत्तर ध्रुवावर जहाजानं सर्वांत आधी कोण पोहोचलं?

पाण्याखालून अमेरिकेची 'नॉटिलस' पाणबुडी ३ ऑगस्ट १९५८ रोजी ध्रुवाखालून गेली. बर्फ फोडत पृष्ठभागावरून जाणारं पहिलं जहाज 'आर्क्टिका'. कप्तान युरी कुचियेव, तारीख १७ ऑगस्ट १९७७. ७५,००० अश्वशक्तीच्या या जहाजाचं नाव १९८२ ते १९८६ 'लिओनिद ब्रेझनेव' होतं, त्यामुळे त्या काळातल्या नोंदी वाचताना गोंधळ होतो (प्रश्न १२ मध्ये ते पुन्हा भेटेल).

९. 'आर्क्टिका' तर २००८ मध्ये निवृत्त झाली ना? मग २०२० च्या बातम्यांत कोणती 'आर्क्टिका'?

दोन वेगळी जहाजं, नाव एकच. जुनं १९७५ चं, नवं २०२० चं. 'सिबीर'चंही तसंच: जुनं १९७७ चं, नवं नुकतंच बांधलेलं. साल पाहिल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नका. नवी 'आर्क्टिका' सेंट पीटर्सबर्गहून निघाली ती वाकडी वाट करून ३ ऑक्टोबर २०२० रोजी ध्रुवावर जाऊनच म्युरमन्स्कला आली. तेव्हा तिची तीनपैकी एक मोटर बिघडलेली होती. ती पुढच्या वर्षी बदलली.

१०. आज एकूण किती अणु-आइसब्रेकर कामावर आहेत?

२०२५ चा हिशेब धरला तर आठ. जुन्या पिढीतले 'यामाल' (१९९२) आणि '५० लेत पोबेदी' (२००७, नावाचा अर्थ 'विजयाची ५० वर्षं'). नद्यांसाठीचे 'ताइमिर' आणि 'वायगाच' (प्रश्न १४). नव्या पिढीतले 'आर्क्टिका', 'सिबीर', 'उराल' आणि 'याकुतिया'. ही नवी जहाजं १७३ मीटर लांब, ३४ मीटर रुंद आहेत. अणुशक्तीवरचंच पण मालवाहू असलेलं जहाज 'सेवमोरपूत' या मोजणीत धरलेलं नाही. त्याची गोष्ट प्रश्न १३ मध्ये आहे. १२० मेगावॉटचं 'रोसिया' अतिपूर्वेच्या बोल्शोय कामेन इथे बांधलं जात आहे.

११. रोजचं काम काय असतं? दिवसभर बर्फच फोडायचा?

मुख्यतः ताफा सांभाळायचा. पुढे आइसब्रेकर, मागे ठरावीक अंतरानं दोन-चार मालवाहू जहाजं. हे अंतर राखणं म्हणजे तारेवरची कसरत. फार मागे राहिलं तर मधली वाट पुन्हा मिटते, फार जवळ आलं तर पुढचं जहाज अचानक अडल्यावर धडक होते. परिस्थिती फारच बिकट असेल तर आइसब्रेकरच्या पाठीमागे असलेल्या खाचेत मागच्या जहाजाची नाळ ओढून घट्ट बांधतात आणि दोन्ही जहाजं एक होऊन चालतात.

वाट कुठून काढायची हे उपग्रहाची चित्रं आणि जहाजावरचं हेलिकॉप्टर सांगतं. सरळ रेषा क्वचितच जवळची ठरते. पूर्वी 'आर्क्टिका' वर्गाच्या जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं लागत; नव्या जहाजांवर स्वयंचलित यंत्रणांमुळे शंभरापेक्षा बरीच कमी पुरतात. महिनोन्‌महिने, त्यातही सूर्य न उगवणाऱ्या रात्रीत राहायचं असल्यानं जहाजावर व्यायामशाळा, वाफेची न्हाणी, दवाखाना अशी सोय असते.

१२. असा आइसब्रेकर स्वतः अडकतो का?

अडकतो, पण तो तासांचा किंवा दिवसांचा प्रश्न असतो. खरी भीती मागच्या जहाजांची. १९८३ च्या शरद ऋतूत चुकची समुद्रात वाऱ्यानं जुना बर्फ किनाऱ्याकडे रेटला आणि डझनावारी जहाजं सापडली. 'नीना सगायदाक' हे मालवाहू जहाज बर्फाच्या दाबानं चेपून बुडालं. माणसं वाचली. इतरांना सोडवायला आलेल्या जहाजांत 'लिओनिद ब्रेझनेव', म्हणजे जुनी 'आर्क्टिका', होती.

नोव्हेंबर २०२१ मध्येही बर्फ अपेक्षेआधी धरला आणि पूर्वेकडच्या समुद्रांत वीसेक जहाजं अडकली. तेव्हाही त्यांच्या सुटकेसाठी अणु-आइसब्रेकर पाठवावे लागले.

१३. आपल्या मैत्री आणि भारती केंद्रांकडे जायला असं जहाज का घेत नाहीत?

कारण ही जहाजं अंटार्क्टिकाला जाऊच शकत नाहीत. प्रश्न ५ मधले आकडे पुन्हा पाहा: ३५० मेगावॉट उष्णतेपैकी ६० पंख्यांना मिळतात, जहाजाची वीज वगैरे वजा जाता उरलेली बहुतेक उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडावी लागते. ही शीतक यंत्रणा थंडगार पाण्यासाठीच बेतलेली आहे. विषुववृत्ताजवळचं कोमट पाणी तिला चालत नाही. म्हणून आर्क्टिकसाठी बांधलेला अणु-आइसब्रेकर एका अर्थी उत्तरेतच कोंडलेला असतो.

अपवाद 'सेवमोरपूत'. अणुशक्तीवरचं हे मालवाहू जहाज उष्ण पाण्यातूनही जाऊ शकतं, पण ते आइसब्रेकर नव्हे. २०२० मध्ये ते अंटार्क्टिकाकडे निघालं, अंगोलाजवळ त्याच्या पंख्यात बिघाड झाला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलं.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून 'पोलर सर्कल' या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजानं निघाली होती. आजही वास्को-द-गामा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र परदेशी जहाजं भाड्यानं घेतं, आणि ती डिझेलवर चालणारी असतात. उत्तरेतल्या 'हिमाद्री' केंद्राला तर आइसब्रेकरची फारशी गरजच पडत नाही. ते जिथे आहे त्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचा पश्चिम किनारा उबदार प्रवाहामुळे बराच काळ मोकळा असतो.

१४. नद्यांमध्ये कसे जातात? तिथे पाणी उथळ असतं ना?

'ताइमिर' आणि 'वायगाच' त्यासाठीच बांधले. सांगाडा फिनलंडमध्ये हेलसिंकीला तयार झाला, भट्टी लेनिनग्राडमध्ये बसवली. एकच भट्टी आणि पाण्याखालची खोली साधारण आठ मीटर, त्यामुळे येनिसेई नदीतून दुदिन्का बंदरापर्यंत जाता येतं. नोरिल्स्कचं निकेल आणि तांबं तिथूनच बाहेर पडतं. गोड्या पाण्याचा बर्फ कठीण असतो, त्यामुळे हे काम वाटतं तितकं दुय्यम नाही.

नव्या जहाजांनी यावर छान तोडगा काढला आहे. टाक्यांत समुद्राचं पाणी भरलं की जहाज साडेदहा मीटर खोल बसतं आणि खोल समुद्रात पूर्ण वजनानं काम करतं. ते पाणी सोडलं की नऊ मीटरच्या आसपास वर येतं आणि नदीच्या मुखात शिरतं.

१५. वापरलेलं इंधन कुठे जातं?

जहाज तळावर आलं की इंधन आधी खास सेवाजहाजांवर काढून पाण्यात थंड होऊ देतात. मग जाड पिंपांत बंद करून रेल्वेनं उरालमधल्या मायाक कारखान्यात पुनर्प्रक्रियेसाठी पाठवतात. निवृत्त जहाजांच्या भट्ट्या कापून जमिनीवर साठवतात. समुद्रात बुडवण्याची जुनी पद्धत बंद झाली आहे, पण आधी बुडवलेलं तसंच पडून आहे (प्रश्न ७). ते वर काढल्याशिवाय हा हिशेब पुरा झाला असं मी म्हणणार नाही.

१६. सैबेरियाच्या किनाऱ्यालगतच्या या उत्तरेच्या सागरी मार्गानं मुंबईचा माल युरोपला लवकर पोहोचेल का?

नाही. जपान किंवा उत्तर चीनमधून उत्तर युरोपला जायचं असेल तर हा मार्ग सुएझपेक्षा बराच जवळचा. न्हावा-शेवाहून मात्र सुएझच जवळ. आपला संबंध वेगळा आहे: यामाल द्वीपकल्पावरच्या साबेत्ता बंदरातून द्रवरूप नैसर्गिक वायू निघतो आणि असा वायू भारतही विकत घेतो.

१७. आर्क्टिकचा बर्फ वितळतोच आहे. मग नवे आइसब्रेकर कशाला?

सप्टेंबरातला बर्फ घटला आहे हे खरं. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रह नोंदींतला तो नीचांक आहे. पण जानेवारीत हे समुद्र अजूनही गोठतात, आणि आता जहाजं जानेवारीतही न्यायची आहेत. बर्फ पातळ झाला की वाऱ्यासरशी जास्त फिरतो आणि अनपेक्षित ठिकाणी साचतो. बर्फ कमी झाल्यामुळे वाहतूक वाढली आणि वाहतूक वाढल्यामुळे आइसब्रेकर वाढले.

जहाजांनी फोडल्यामुळे बर्फ संपतोय का, असंही विचारतात. हिवाळ्यात फोडलेली वाट काही तासांत पुन्हा गोठते आणि लाखो चौरस किलोमीटरपुढे तिची रुंदी नगण्य आहे. मला जास्त काळजी वाटते ती मागून येणाऱ्या, जड तेल जाळणाऱ्या जहाजांची. त्यांची काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो आणि ऊन शोषू लागतो. आर्क्टिकमध्ये असं तेल वापरण्यावर जुलै २०२४ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, मात्र त्यात सवलतीही आहेत.

१८. प्रवासी म्हणून जाता येतं का?

ऑगस्ट १९९० मध्ये जुन्या 'रोसिया'नं परदेशी पर्यटकांना पहिल्यांदा ध्रुवावर नेलं. नंतर ही कामगिरी मुख्यतः '५० लेत पोबेदी'कडे आली. उन्हाळ्यात जहाज मोकळं असेल तरच अशी सफर निघते आणि खर्च फार मोठा असतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हे जहाज म्युरमन्स्कहून ७९ तासांत ध्रुवावर पोहोचलं होतं. 'यामाल'च्या नाळेवर रंगवलेला शार्कचा जबडाही अशाच एका सफरीतला: १९९४ मध्ये मुलांच्या सहलीसाठी तो रंगवला आणि सगळ्यांना इतका आवडला की तसाच राहू दिला.

१९. एवढा खर्च झेपणार नाही. निदान जवळून बघायला मिळेल का?

'लेनिन' २००९ पासून म्युरमन्स्कच्या धक्क्यावर कायमचा उभा आहे आणि संग्रहालय म्हणून खुला आहे. मार्गदर्शकासोबत आत फिरवतात. लाकडी नक्षीच्या भिंती असलेलं जेवणाचं दालन, कप्तानाची सुकाणू-खोली आणि यंत्रांचा नियंत्रण कक्ष बघता येतो. काचेतून खाली भट्टीचा कप्पाही दिसतो. इंधन कधीच काढून नेलं आहे. तिथे उभे राहाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या की खाली दिसते ती १९७० मध्ये बसवलेली दुसरी यंत्रणा आहे. पहिली प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या उपसागरात आहे.